आरपार दिसतंय म्हणून काय झालं?

घरी सीरम बनवणाऱ्या मंडळींचा एक ठरलेला पुरावा असतो. बाटली उजेडात धरायची आणि म्हणायचं, "बघ, कसं आरपार दिसतंय! एकदम प्युअर." माझं भांडण ह्या 'आरपार'शी आहे. कोड कंपाईल झाला म्हणजे त्यात बग नाही, असं ऑफिसात म्हणून बघा, लोक हसतील. तेच लोक शनिवारी हा पुरावा मान्य करतात!

गुलाबपाणी, ग्लिसरीन, कोरफडीचा गर... सगळा पाण्याचा कारभार, म्हणजे जंतूंना मेजवानी. एका मिलिलिटरमध्ये दहा लाख जिवाणू असले तरी ते डोळ्यांना नितळ दिसू शकतं. हे पुणेकरांना तरी सांगायला नको. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता भागात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा घरोघरी पाणी उकळायला लागले, ते काय पाणी काळं दिसत होतं म्हणून?

आता 'केमिकल नाही'चं बघू. वासासाठी लव्हेंडरचं तेल घालता. तेल पाण्यात विरघळत नाही, सीरम दुधाळ होतं. मग ते आरपार दिसावं म्हणून पॉलीसॉर्बेट २० घालता, तेही तेलाच्या कितीतरी पट. म्हणजे तुमची ती नितळाई केमिकलमुळेच आली की राव!

प्रिझर्वेटिव्ह मात्र नको, कारण 'व्हिटॅमिन ई घातलंय'. अहो, व्हिटॅमिन ई तेल खवट होऊ देत नाही, जिवाणूंना ते काही करत नाही. फेनॉक्सीइथेनॉलची मर्यादा १ टक्का, म्हणजे ३० ग्रॅम सीरमला ०.३ ग्रॅम. स्वयंपाकघरातला काटा एकेक ग्रॅम मोजतो, त्याला ०.३ म्हणजे शून्य. मग 'अंदाजे चार थेंब'. व्हिटॅमिन सीच्या सीरमचा पीएच दोन आहे की साडेतीन, हेही उजेडात धरून कळत नाही.

"आमच्या आजीनं कुठे काय मोजलं होतं?" हा प्रश्न येणारच. आजीचं उटणं कोरडं असायचं. लावायच्या वेळी त्यात दूध नाहीतर पाणी घालायचं, उरलं तर टाकून द्यायचं. तिनं ते कालवून तीन महिने बाटलीत ठेवलं नव्हतं.

स्वतःच्या तोंडाला काय फासायचं ते तुम्ही ठरवा. पण सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'होममेड, फक्त ४०० रुपये' सुरू झालं की चेहरा दुसऱ्याचा असतो. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायला परवाना लागतो. १९४० चा कायदा आहे, २०२० चे नियम आहेत, आणि महाराष्ट्रात तो परवाना अन्न व औषध प्रशासन देतं. शेजारच्या मुलीचा डोळा सुजला तर डॉक्टरला काय सांगणार? बॅच नंबर नाही, किती काय घातलं त्याची नोंद नाही.

हौस असेल तर जरूर करा. पण ०.०१ ग्रॅमचा काटा घ्या, पीएच मोजा, प्रिझर्वेटिव्ह घाला, सगळं लिहून ठेवा. एवढा व्याप नको असेल तर उटणं आहेच. ते आरपार दिसत नाही, एवढंच.