चोखोबा कोण होणार?



आषाढी जवळ आली की आमच्या टपालात एकच विषय. शाळेची दिंडी! कुणाला टाळ मिळत नाहीत, कुणाच्या आईला एका रात्रीत धोतर शिवायचंय. यंदा येवल्याहून सहावीतल्या एका मुलीचं पत्र आलंय. तिच्या वर्गात विठोबा व्हायला सात जण तयार. (कमरेवर हात ठेवून उभं राहायचं, पाठांतर नाही. मग काय!) रखुमाईसाठी तर भांडणंच, कारण गाव पैठणीचं. चोखोबा मात्र कुणालाच नको. "फाटकं घोंगडं घेऊन मागे कोण उभं राहणार?" असं मुलं म्हणतात. ती विचारते, "मी मुलगी आहे. मी चोखोबा झाले तर चालेल का?"

चालेल की! पण आधी माझी फजिती ऐका. चौथीत मला ज्ञानेश्वर केलं होतं. आजीनं हौसेनं कापसाची पांढरीशुभ्र दाढी चिकटवली. रस्त्यात जो तो मला रामदासस्वामी समजून हात जोडू लागला! पुढे कळलं, ज्ञानेश्वरांचा जन्म १२७५ चा, ज्ञानेश्वरी १२९० ची, आळंदीची समाधी १२९६ ची. ग्रंथ सांगितला तेव्हा ते जेमतेम तुमच्या दहावीतल्या दादाएवढे. दाढी कुठली पिकायला? मुक्ताबाई तर त्यांच्याहूनही लहान.

अमेरिकेत ३१ ऑक्टोबरला हॅलोविनला पोरं भुतं-चेटकिणी होतात. दुसऱ्या दिवशी ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा सण असतो, म्हणून काही घरांत मुलांना भुतांऐवजी संतांचे कपडे घालतात. आपल्याकडे ते सोपं आहे, कारण आपले संत कामकरी. सावतोबाला खुरपं, गोरोबाला चिखलाचे पाय, जनाबाईला जातं. भाड्यानं काही आणायला नको. येवल्यात ज्याच्या घरी हातमाग असेल त्यानं धोटा घेऊन कबीर व्हावं. तेही विणकरच होते.

आता चोखोबा. मंगळवेढ्याचे, महार जातीचे, म्हणून देवळात पाऊल टाकायची बंदी. तरी त्यांनी अभंग रचले. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मुलगा कर्ममेळा यांनीही रचले. १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचं बांधकाम कोसळून चोखोबा त्याखाली गेले. पंढरपूरचं देऊळ सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं. मध्ये किती शतकं गेली, मोजा बरं!

आणि येवलेकरांनो, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली ती तुमच्याच गावात. अस्पृश्यतेच्या मुळाचा शोध घेणारं त्यांचं पुस्तक १९४८ मध्ये निघालं. ते त्यांनी तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केलं. त्यांतले एक चोखामेळा.

बाई-गुरुजी आणि आईबाबांना एक विनंती. आडनाव बघून कुणाला चोखोबा करू नका. एका शाळेत मी तसं होताना पाहिलंय. त्या मुलाचा उतरलेला चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही. चिठ्ठ्या टाका, नाहीतर ज्याला मनापासून हवं त्याला द्या.

तेव्हा बाळ, तू खुशाल चोखोबा हो. घोंगडं फाटकंच हवं असं काही नाही, धुतलेलं घे. आणि मागे नको, दिंडीत पुढे चाल. बाईंनी कारण विचारलं तर वरची सगळी हकिगत सांग.

आणि हो, सातांतला विठोबा कोण झाला तेही कळव!