विमान जोडताना घाई नको

8 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. तेव्हापासून आमच्या वर्गात विमानांची चर्चा थांबत नाही, आणि घरोघरी अम्मी-अब्बांकडे प्लॅस्टिकच्या विमानाच्या किटचा हट्ट सुरू आहे. हट्ट पुरवायला हरकत नाही. पण किट स्वस्त नसते, आणि ते बिघडते बहुधा मोठे भाग चिकटवताना. म्हणून या महिन्यात तेवढ्यावरच बोलू.

एअरबस ए-320 हे विमान सुमारे साडेसदतीस मीटर लांब आहे. 1:144 प्रमाणात ते 26 सेंटिमीटरचे होते. त्याचे धड डावे आणि उजवे अशा दोन लांब अर्ध्या भागांत येते.

किटचे प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. मॉडेलचे खास सिमेंट त्याचा पृष्ठभाग विरघळवते, दोन्ही कडा एकमेकींत मिसळतात आणि सिमेंटमधला द्रव उडून गेला की एकच तुकडा बनतो. फेविकॉल लाकडाला, कागदाला चांगला. या गुळगुळीत प्लॅस्टिकला नाही. फेविक्विकसारखा डिंक क्षणात पकडतो, भाग सरकवायला वेळच देत नाही.

एकदा असा जोड बसला की उघडत नाही. म्हणून आधी पाहावे की आत काही राहिले तर नाही ना. खिडक्यांच्या पारदर्शक पट्ट्या आतून लावाव्या लागतात. नाकात वजन हवे, नाहीतर तयार विमान शेपटीवर बसते. दोन-तीन लोखंडी नट एम-सीलने आत पक्के करावेत.

मग सिमेंट न लावता दोन्ही भाग रबरबँडने बांधून पाहावेत. कुठे फट दिसली तर आतली खुंटी किंवा कड हलकेच घासावी. नीट बसले की नाकाकडून सुरुवात करून एका वेळी चार-पाच सेंटिमीटरच जोडावे. पातळ सिमेंट ब्रशने सांध्याला टेकवले की ते आपोआप आत ओढले जाते. ते रबरबँडखाली किंवा बोटाखाली जाऊ देऊ नये, डाग कायमचा राहतो. काही मिनिटे थांबून पुढचा टप्पा घ्यावा. शेवटी पूर्ण 24 तास हात लावू नये. वर आलेली रेघ नंतर ओल्या वॉटर पेपरने घासावी.

पंख लावल्यावर विमान समोरून पाहावे. दोन्ही टोके टेबलापासून सारख्याच उंचीवर हवीत. सुकेपर्यंत खाली काड्यापेट्या किंवा वह्या रचून आधार द्यावा.

सिमेंट ज्वालाग्राही असते आणि त्याची वाफ श्वासात जाणे बरे नाही. खिडकी उघडी ठेवावी, स्वयंपाकघरात गॅसजवळ बसू नये, धाकट्या भावंडांना दूर ठेवावे. लहान मुलांच्या हाती बाटली देऊ नये. सिमेंट मोठ्यांनी लावावे, भाग मुलांनी धरावेत.

खरे ए-320 सुद्धा असेच जुळते. धडाचा पुढचा भाग फ्रान्समधील सेंट-नाझेरहून, मागचा जर्मनीतील हॅम्बुर्गहून आणि पंख वेल्समधील ब्रॉटनहून येतात. इतक्या दुरून आलेले भाग जुळतात, कारण माप आधीच काटेकोर घेतलेले असते.

'जोड' हा शब्द उर्दूत आणि मराठीत एकच आहे, आणि दोन्हीकडे त्याला सब्र लागतो. पालकांना एकच विनंती: मूल हळू करते म्हणून किट त्याच्या हातून ओढून घेऊ नका. त्या 24 तासांत त्याला थांबायला शिकू द्या.