टेकडीवरचे मोन्तोने

वाचकहो, इटलीचे नाव निघताच आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात ती रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस ही मोठी शहरे. परंतु या देशाच्या मध्यभागी, उंब्रिया प्रांतात, टेकड्यांच्या माथ्यांवर जी अनेक लहान गावे वसली आहेत, त्यांची ओळख आपणांस सहसा नसते. आज त्यांपैकी एका गावी आपणांस घेऊन जावयाचे आहे. गावाचे नाव मोन्तोने. वस्ती दोन हजारांच्याही आतली. पण कोकणातल्या एका खेड्याशी या गावाचे नाते जडलेले आहे. ते कसे, हे ओघात येईलच.

पेरूजा शहरापासून टायबर नदीच्या खोऱ्याने उत्तरेस सुमारे ४० किलोमीटर गेले की मोन्तोने येते. रोमला जाणारी जी टायबर, तीच ही; येथे मात्र ती लहान आहे. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ४८० मीटर उंचीवर आहे. मध्ययुगात सपाटीवर राहणे धोक्याचे होते. फौजा ये-जा करीत त्या खोऱ्यांतूनच. म्हणून लोकांनी माथा गाठला, भोवती तट घातला आणि शेती तेवढी खाली ठेवली. गडकिल्ल्यांच्या मुलखातल्या माणसाला यामागचे शहाणपण समजावून सांगावयास नको.

गावाला तीन वेशी आहेत : बोर्गो वेक्यो, मोन्ते आणि वेर्झिएरे. गावातील तीन मोहल्लेही याच नावांनी ओळखले जातात. वेशीतून आत शिरले की दगडी घरे, अरुंद बोळ आणि पायऱ्या लागतात, आणि चढ संपता संपता गावचा चौक येतो. चौकाला फोर्तेब्राच्यो घराण्याचे नाव आहे. ‘फोर्ते ब्राच्यो’ म्हणजे बलदंड बाहू.

या घराण्याचा सर्वांत नामांकित पुरुष म्हणजे आंद्रेआ फोर्तेब्राच्यो, ऊर्फ ब्राच्यो दा मोन्तोने. त्याचा जन्म १३६८ चा. त्या काळी इटलीतील नगरराज्ये स्वतःची खडी फौज फारशी बाळगीत नसत. ती करार करून पेशेवर सेनापतींना नोकरीस ठेवीत. ब्राच्यो हा अशा सेनापतींपैकी एक अग्रगण्य. १४१६ मध्ये त्याने पेरूजा शहरच जिंकून घेतले. तेथे त्याने बांधविलेली कमानींची ओसरी आजही दाखविली जाते. १४२४ साली लाक्विला येथील लढाईत तो जखमी झाला आणि त्यातच त्याचा अंत झाला. मोन्तोनेतील त्याची गढी पुढे १४७८ मध्ये पोप चौथे सिक्स्टस यांच्या हुकुमाने पाडण्यात आली.

गढी गेली, पण गावाचे वैभव सर्वस्वी लोपले नाही. संत फ्रान्सिस यांच्या नावाचे जुने गॉथिक धाटणीचे चर्च आणि त्याला लागून असलेला मठ आता संग्रहालय म्हणून राखले आहेत. येथे आन्तोन्यो आल्बेर्ती या चित्रकाराची भित्तिचित्रे आहेत. बार्तोलोमेओ कापोराली याने १४८२ मध्ये रंगविलेला मिरवणुकीचा ध्वजपटही येथे आहे. आपल्या प्रशस्त झग्याखाली भक्तांना आसरा देणारी माता मेरी त्यावर चितारली आहे.

गावाचा सर्वांत मोठा ठेवा मात्र आकाराने अगदी लहान आहे. येशू ख्रिस्ताच्या काटेरी मुकुटातील मानला जाणारा एक काटा येथे जपून ठेवलेला आहे. ब्राच्योचा मुलगा कार्लो व्हेनिसच्या नोकरीत होता. त्याने तो १४७३ साली मिळवून गावाला अर्पण केला, असे सांगतात. ईस्टरनंतरच्या सोमवारी आणि ऑगस्टातील उत्सवात भाविकांना त्याचे दर्शन घडते. ऑगस्टात सारे गाव पंधराव्या शतकातील वेष परिधान करते. तिन्ही मोहल्ल्यांत चुरशीच्या स्पर्धा होतात आणि जिंकलेल्या मोहल्ल्यातील युवतीला कार्लोची पत्नी मार्गेरिता हिच्या रूपात मिरवण्याचा मान मिळतो. १९९७ पासून येथे चित्रपट महोत्सवही भरतो.

आता त्या नात्याविषयी. १९४४ च्या उन्हाळ्यात जर्मन फौजा इटलीत उत्तरेकडे हटत होत्या आणि टेकडी टेकडी लढवीत होत्या. टायबरच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्याशी लढणाऱ्यांत भारतीय सैनिक होते. १० जुलै रोजी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतील एका तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीनायकाखेरीज सारे जवान ठार किंवा जखमी झाले. नायकाचे नाव यशवंत घाडगे. गाव माणगाव तालुक्यातील पळसगाव. वय बावीस वर्षे. ते एकटेच पुढे धावले. हातगोळ्याने त्यांनी मशीनगन बंद पाडली, टॉमीगनने एका शत्रूला टिपले आणि गोळ्या भरण्यास उसंत नव्हती म्हणून बंदूक नळीकडून धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना ठार केले. इतक्यात लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत व पाठीत शिरल्या. जिंकलेल्या मोर्चातच त्यांनी देह ठेवला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. इटलीच्या मोहिमेत दिल्या गेलेल्या अशा २० पदकांपैकी ६ भारतीय सैनिकांनी मिळविली, आणि ५,७८२ भारतीय सैनिक त्या भूमीवर कामी आले.

घाडगे यांची कबर वा समाधी तेथे नाही. कॅसिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे. माणगावात त्यांचे स्मारक आहे. ज्या खोऱ्यात ते पडले, तेथे मात्र पुढील पिढीला हे नाव कोणी सांगावे? ही उणीव २०२३ च्या जुलै महिन्यात मोन्तोनेच्या ग्रामसंस्थेने इटालियन युद्धेतिहासकारांच्या साहाय्याने दूर केली. गावात घाडगे यांच्या नावे एक सूर्यघड्याळ उभारण्यात आले. त्यावर लॅटिन वचन आहे. त्याचा आशय, आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत.

या गावाने आपल्या सेनापतीचे नाव सहाशे वर्षे जपले, यात नवल नाही. तो त्यांचाच होता. परंतु परमुलखातून आलेल्या, परक्या सत्तेच्या फौजेत लढलेल्या एका शेतकरी मुलखातील तरुणाचे नावही त्याने आपल्या ठेव्यात घातले, याचे मोल फार आहे.

वाचकहो, कधी उंब्रियात जाण्याचा योग आला, तर मोन्तोनेसाठी एक दिवस अवश्य राखून ठेवा. चर्च पाहा, वेशी पाहा, तटावरून खालचे टायबरचे खोरे पाहा. आणि ऊन असेतो त्या सूर्यघड्याळापाशी क्षणभर थांबा. जाणे न घडले, तर निदान घरातील मुलांना पळसगावच्या यशवंताची हकीकत सांगा.