मोजल्यावाचून उपाय नको

पोते काट्यावर चढविल्यावाचून आपण दाम मोजीत नाही. परंतु डाळमिलची मोटार जळाली की तोच व्यापारी विक्रेत्याच्या शब्दावर स्टॅबिलायझर घेण्यास निघतो. मीही निघालो होतो. एकाच हंगामात दोनदा वाइंडिंग करविले होते, किंमतही ठरली होती. तेवढ्यात एका जाणत्या वायरमनने मिल भरात चालू असता तिन्ही फेजांमधील दाब मोजला : ४२०, ३९६ व ३९९ व्होल्ट. सरासरी ४०५, तीपासून सर्वांत मोठे अंतर १५, म्हणजे सुमारे ३.७ टक्के. आकडा क्षुल्लक वाटतो खरा. पण या टक्केवारीच्या वर्गाच्या दुपटीइतकी, म्हणजे सुमारे २७ टक्के, मोटारीची तापवाढ अधिक होते, असा यंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. कारण शोधता, कचेरी व गोदामाचा सारा सिंगल फेज भार एकाच फेजवर, आणि त्याच फेजचा मुख्य स्विचातील जोड सैल होऊन काळवंडलेला! भार वाटला, जोड नवा केला, खर्च किरकोळ.

पॉवर फॅक्टरचा दंड टाळण्यासाठी कपॅसिटर लावणाऱ्यांनीही सावध असावे. मोटारींची गती बदलणारे ड्राइव्ह हार्मोनिक प्रवाह उत्पन्न करतात. ते कपॅसिटरांत शिरून त्यांना तापवितात, फुगवितात. तेथे आणखी कपॅसिटर नव्हे, योग्य रिअॅक्टर हवा. आणि तो कोणता, हे मोजणीच सांगेल.

म्हणून माझी सूचना अशी की, आपल्या संघाने वीज नोंदणारे एक यंत्र सामाईक घ्यावे व सभासदांस आठ-आठ दिवस द्यावे. माझा वाटा मी देण्यास तयार आहे.