बारगिराचे दुःख कोणाच्या गाण्यात?

संपादक महोदय,

15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीला आमच्या भागात भोंग्यांवर लागणारी गाणी ठरलेली असतात, आणि जवळजवळ सगळी चढाईची. ती लागू नयेत असे माझे म्हणणे नाही. सैनिकाच्या हालांचे एखादे गाणे त्यांत का नसावे?

भंडारा हा नागपूरकर भोसल्यांचा मुलूख. रघूजी भोसल्यांच्या फौजा 1742 पासून बंगालवर चालून गेल्या. त्यांतला बारगीर, म्हणजे सरकारी घोड्यावरचा साधा स्वार, तिकडच्या अंगाईगीतात आजही आहे. बाळ निजले, बारगीर आले, धान पाखरांनी खाल्ले, आता सारा भरायचा कुठून, असा त्या आईचा घोर. धान पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्याला तो समजावून सांगायला नको. गंगारामाच्या बंगाली ‘महाराष्ट्रपुराणा’तले लुटीचे, छळाचे वर्णन तर आपण मान खाली घालूनच वाचावे. पण 1744 मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दी खानाने भेटीला बोलावून रघूजींचे सेनानी भास्करराम कोल्हटकरांना सरदारांसह मारले, तेव्हा मागे उरलेला शिपाई एवढा मुलूख तुडवत घरी कसा आला असेल? परमुलखातल्या आईने त्याला गाण्यात घेतले, शापासाठी का होईना. आपण तेवढेही केले नाही.

कुसुमाग्रजांची प्रतापराव गुजरांवरची कविता आपल्याला पाठ आहे. नेसरीला 1674 मध्ये गेलेल्या बाकीच्या सहांच्या घरी पुढे काय झाले, हे सांगणे त्या कवितेचे काम नव्हते. ते काम दुसऱ्या कोणी तरी करायला हवे होते.

अशा गाण्यांनी उमेद खचते, असे कोणी म्हणेल. तुळशीदास शाहिराला तसे वाटले नाही. सिंहगडाच्या पोवाड्यात त्याने रायबाचे लग्न बाजूला ठेवून निघालेला बाप उभा केला, म्हणून तर तानाजी जिव्हारी लागतो. पानिपतचे नुकसानही लोकांनी फुटलेल्या बांगड्यांत मोजले, गमावलेल्या तोफांत नव्हे.

दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरेल, दंडारी होतील. साकोली, पवनी, लाखांदूरकडच्या दंडार मंडळांनी यंदा बंगालहून परतणारा एक बारगीर रंगवावा. लूट करणारा आणि हाल सोसणाराही. आणि संपादक महोदय, आपण माजी सैनिकांच्या घरच्या आया-आजींकडून ओव्या मागवून दर आठवड्याला एक तरी छापावी, ही विनंती.

एक वाचक,
साकोली, जि. भंडारा