एका जिगचा माग

आयर्लंडच्या पारंपरिक संगीतात सहा-आठच्या लयीत चालणाऱ्या नाचाच्या धुनेला जिग म्हणतात. हा अंक आम्ही अशा एकाच जिगला दिला आहे: ‘द गोल्ड रिंग’. परीची हरवलेली अंगठी एका वादकाने परत केली आणि बदल्यात त्याला ही धून मिळाली, अशी तिची दंतकथा.

कागदावरचा माग शिकागोला जातो. तिथले पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओनील मूळचे कॉर्क परगण्यातले. असंख्य धुना त्यांना तोंडपाठ. स्वरलेखन मात्र जेम्स ओनील करत. फ्रान्सिस यांचा 1850 धुनांचा संग्रह 1903 साली निघाला. छापील पानावर स्वर उतरले, पण इलियन पाइप्स, म्हणजे आयरिश बॅगपाइप, वाजवणारा एकच स्वर बोटांच्या झटक्यांनी कसा फोडतो, ते तिथे सापडत नाही. त्यासाठी विली क्लॅन्सी, शेमस एनिस या पाइप्सवादकांची ध्वनिमुद्रणे ऐकायलाच हवीत. दोघे एकच धून वाजवतात आणि तरी ती एकसारखी नसते. आम्हाला यातली ‘खरी’ प्रत ठरवायची नाही. फरक कुठे आणि का पडले, एवढेच पाहायचे आहे.

ओनील यांचा संग्रह निघाला त्याच सुमारास संगीतशास्त्रज्ञ भातखंडे आपल्याकडे उस्तादांच्या बंदिशी स्वरलिपीत उतरवत होते, म्हणून हा विषय आम्हाला परका वाटत नाही. जुन्या ध्वनिफिती आज भराभर डिजिटल होत आहेत. तुलना करण्याची हीच वेळ. तुमच्या घरी एखाद्या बंदिशीची हस्तलिखित वही आणि तिचेच जुने ध्वनिमुद्रण असेल, तर दोन्ही ताडून पाहा आणि आम्हाला जरूर लिहा.