शॉकअपची वॉरंटी नेमकी कुणासाठी?

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून थेट ५ टक्क्यांवर आला. मूळ किंमत १५ हजार असलेल्या सायकलवर आधी १८०० रुपये कर बसायचा, आता ७५० बसतो. म्हणजे १०५० रुपये वाचले. कॉलेजला जाण्यासाठी सायकल घेणाऱ्यांना ही बातमी आवडणारच! पण सायकल घेताना स्वस्त झाली, म्हणून ती वापरताना स्वस्त पडेलच असं नाही. विशेषतः पुढे जाडजूड शॉकअप असलेली सायकल तुम्ही घेणार असाल तर.

आज बजेटमधली एमटीबी म्हणा किंवा हायब्रिड, दुकानात पहिली नजर जाते ती पुढच्या सस्पेन्शन फोर्कवर. दुकानदार हँडल धरून दोनदा दाबून दाखवतो, फोर्क खालीवर होतो आणि आपण खूश. ‘वॉरंटी आहे ना?’ हा प्रश्न विचारला जातो, ‘आहे की’ असं उत्तर मिळतं आणि विषय संपतो. खरं तर तो तिथेच सुरू व्हायला हवा. कारण सायकलच्या सगळ्या भागांमध्ये सस्पेन्शनची वॉरंटी सर्वात जास्त अटींमध्ये अडकलेली असते.

आत नेमकं काय असतं?

फोर्कमध्ये दोन गुळगुळीत नळ्या खालच्या जाड नळ्यांमध्ये सरकत असतात. या वरच्या चकचकीत नळ्यांना स्टँचिअन म्हणतात. स्वस्त फोर्कमध्ये धक्का झेलायला लोखंडी स्प्रिंग असते, महागड्यांमध्ये दाबाखालची हवा. चांगल्या फोर्कमध्ये आणखी एक भाग असतो, डॅम्पर. दाबलेला फोर्क किती वेगाने परत वर यायचा, हे तो तेलाच्या मदतीने ठरवतो. आणि या सगळ्याचं धूळ-पाण्यापासून रक्षण कोण करतं? तर नळीभोवतीचं एक रबरी सील.

पावसाळ्यातला चिखल, उन्हाळ्यातली बारीक धूळ आणि रस्त्याच्या कामांची खडी यांच्याशी हे सील रोज झगडत असतं. ते कोरडं पडलं की माती आत शिरते आणि सॅंडपेपरसारखी नळीवर घासत राहते. एकदा स्टँचिअनवर खोल ओरखडे पडले की तेल टिकत नाही, आणि मग सर्व्हिसिंगचा नाही, पार्ट बदलण्याचाच खर्च येतो. स्वस्त फोर्कमध्ये तर बऱ्याचदा अख्खा फोर्कच बदलावा लागतो.

तासांचं घड्याळ

मोटरसायकलची सर्व्हिसिंग किलोमीटरवर असते, हे आपल्याला माहीत आहे. सायकलच्या सस्पेन्शनचं गणित मात्र तासांवर चालतं. रॉकशॉक्स या अमेरिकी ब्रँडच्या अनेक फोर्कसाठी ५० तास चालवल्यावर खालच्या नळ्या उघडून साफसफाई आणि नवं तेल, तर २०० तासांनी डॅम्परसकट पूर्ण सर्व्हिसिंग असं वेळापत्रक कंपनीने दिलेलं आहे. फॉक्सचं वेळापत्रक १२५ तास किंवा वर्षातून एकदा, यातलं जे आधी येईल ते.

आता आपलं गणित मांडू. रूम ते कॉलेज, कॉलेज ते क्लास असा दिवसाचा एक तास धरला आणि आठवड्याचे सहा दिवस धरले, तर ५० तास जेमतेम सव्वाआठ आठवड्यांत भरतात. जूनच्या शेवटी घेतलेल्या सायकलचा फोर्क ऑगस्ट संपता संपता उघडायला हवा. आणि मधले दोन महिने धो धो पावसाचे! २०० तास भरायला आठ महिनेही लागत नाहीत.

दुकानातून मिळणाऱ्या ‘फ्री सर्व्हिसिंग’मध्ये साधारण ब्रेक-गिअर सेट करणं, चेनला ऑइल, चाकाचा आऊट काढणं एवढं होतं. फोर्क उघडणं त्यात सहसा नसतं. ते वेगळं काम आहे, त्याचे पैसे वेगळे आणि ते करणारा माणूसही वेगळा. पण हे विकताना कोण सांगतं?

अटी बारीक अक्षरातल्या

सायकलची वॉरंटी कार्डं वाचायला घेतली की काही वाक्यं पुन्हा पुन्हा भेटतात. नेहमीच्या वापरातली झीज वॉरंटीत येत नाही. देखभाल न केल्याने झालेलं नुकसान येत नाही. गंज येत नाही. उड्या, स्टंट, स्पर्धा येत नाहीत. व्यावसायिक वापर येत नाही. सायकल पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे गेली की बऱ्याचदा वॉरंटी संपते. आणि अधिकृत केंद्राबाहेर काम केलं तर वॉरंटी रद्द.

यातली प्रत्येक अट सुटी वाचली तर पटते. पण सगळ्या एकत्र ठेवून एखाद्या विद्यार्थ्याच्या आयुष्यावर लावून बघा. सील आणि बुशिंग हे मुळातच झिजणारे भाग, म्हणजे ते ‘झीज’मध्ये गेले. पावसात सायकल बाहेर उभी राहते, म्हणजे गंज. सीनियरकडून सेकंडहँड घेतली, म्हणजे मालक बदलला. संध्याकाळी पार्सल पोचवून खर्चाला हातभार लावणारे विद्यार्थी आहेत, म्हणजे व्यावसायिक वापर. उरलं काय? कारखान्यातून आलेला उघड दोष. तो दोष कारखान्यातलाच, देखभालीअभावी झालेला नाही, हे पटवण्याची जबाबदारी शेवटी ग्राहकावरच येऊन पडते. जाहिरातीत ‘आजीवन वॉरंटी’ असं मोठ्या अक्षरात दिसतं, तेव्हाही ती बहुतेक वेळा फ्रेमची असते, सस्पेन्शनची नसते.

सगळ्यात मोठा पेच शेवटच्या अटीत आहे. सर्व्हिसिंग वेळेवर करा, नाहीतर वॉरंटी नाही. सर्व्हिसिंग आमच्याच केंद्रात करा, नाहीतर वॉरंटी नाही. पुण्या-मुंबईत असं केंद्र शोधून सापडेलही. पण जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावात शिकणाऱ्याने काय करायचं? फोर्क काढून कुरिअरने पाठवायचा आणि तोवर पायी फिरायचं? जी अट पाळण्याची सोयच नाही, ती मोडली म्हणून हक्क काढून घेणं कितपत योग्य आहे?

कंपन्यांची बाजू

थांबा, कंपन्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. हवेच्या फोर्कमध्ये मोठा दाब असतो. हवा न सोडता तो उघडला तर इजा होऊ शकते. चुकीचं तेल भरलं किंवा बोल्ट नीट आवळला नाही आणि उतारावर फोर्कने दगा दिला, तर माणूस तोंडावर आपटतो. त्यामुळे कुणीही उघडलेल्या फोर्कची हमी आम्ही का घ्यावी, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे.

पण त्या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे २०१४ मध्येच दिलं गेलंय, फक्त ते मोटारींच्या बाबतीत. सुट्या भागांची बाजारपेठ अडवून धरल्याच्या प्रकरणात भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्याच आदेशात आयोगाने म्हटलं की, बाहेरच्या मेकॅनिककडे काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. हा आदेश पुढे अपिलात गेला, पण त्यातलं तत्त्व साधं आणि पटणारं आहे. नुकसान ज्या कारणाने झालं, त्याच कारणापुरती जबाबदारी. कोपऱ्यावरच्या काकांकडे ब्रेक बदलला म्हणून फोर्कची वॉरंटी जाऊ नये, एवढंच.

अमेरिकेत हेच १९७५ पासून कायद्यात आहे. मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार, ठरावीक कंपनीचाच सुटा भाग किंवा ठरावीक ठिकाणचीच सेवा विकत घेण्याच्या अटीवर वॉरंटी देता येत नाही. ती सेवा फुकट दिली तर गोष्ट वेगळी.

सायकल यादीतच नाही

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. २४ डिसेंबर २०२२ ला त्याचं पोर्टलही सुरू झालं. त्यासाठी चार क्षेत्रं निवडली गेली. शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅब्लेट, टीव्ही-फ्रिजसारखी घरगुती उपकरणं आणि वाहनं. वस्तू दुरुस्तीला किती सोपी आहे याचे गुण देणाऱ्या निर्देशांकाचा अहवाल मे २०२५ मध्ये सादर झाला, त्याचाही भर मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्सवर.

या सगळ्यात साध्या सायकलचं नाव कुठे ठळकपणे येत नाही. चीनखालोखाल सर्वात जास्त सायकली बनवणाऱ्या देशात ही गंमतच म्हणायची. युरोपियन युनियनच्या २०२४ च्या दुरुस्ती निर्देशातही बॅटरीवर चालणाऱ्या ई-सायकली आहेत, पायाने मारायच्या नाहीत. ‘सायकल काय, कुठेही दुरुस्त होते’ असा सगळ्यांचाच समज. पंक्चरच्या काळात तो खरा होता. पण ज्याला विशिष्ट मापाचं सील, ठरावीक तेल आणि खास हत्यारं लागतात, त्या फोर्कच्या काळात तो खरा राहिलेला नाही. सर्व्हिसिंगची पुस्तिका खुली असावी, सील किट साध्या दुकानात मिळावं आणि वेळापत्रक विक्रीच्या वेळीच लेखी द्यावं, या मागण्या काही फार मोठ्या नाहीत.

मग आपण काय करायचं?

सायकल घेण्याआधी दुकानात चार प्रश्न विचारा:

१. फ्रेमची वॉरंटी किती आणि फोर्कची किती?
२. फोर्क उघडून सर्व्हिसिंग करणारं जवळचं केंद्र कुठे, आणि खर्च किती?
३. या फोर्कचं सील किट मिळतं का, की बिघडला की नवाच घ्यायचा?
४. बाहेर काम केलं तर वॉरंटीचं काय, हे कार्डावर कुठे लिहिलंय?

उत्तरं गोलमोल आली तर पाचवा प्रश्न स्वतःला विचारा. मला शॉकअप खरंच हवाय का? डांबरी रस्त्यावर रोजच्या सात-आठ किलोमीटरला साधा, न हलणारा फोर्क आणि थोडे रुंद टायर पुरतात. वजन कमी आणि सर्व्हिसिंगचा तापही कमी.

सस्पेन्शन घेतलंच, तर चिखलातून आल्यावर स्टँचिअन कोरड्या फडक्याने पुसा. जोराच्या पाण्याचा फवारा सीलवर मारू नका. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. खडखड जाणवली तर दाखवून घ्या. बिल, वॉरंटी कार्ड आणि प्रत्येक सर्व्हिसिंगची पावती यांचे फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा. ‘देखभाल केली नाही’ या वाक्याला तोंडी उत्तर चालत नाही.

दावा नाकारला गेला, तर कारण लेखी मागा. ‘फोर्क दुसऱ्या कंपनीचा आहे, त्यांना विचारा’ असं सांगितलं तरी विकणाऱ्याची जबाबदारी आपोआप संपत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. तिथे नाही जमलं तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, मुदत साधारण दोन वर्षांची. आणि हॉस्टेलवर राहणाऱ्यांसाठी महत्त्वाचं, सायकल दुसऱ्या शहरात घेतली असली तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते.

कर कमी झाला, चांगलंच झालं. पण सायकल रस्त्यावर टिकायची असेल, तर तिच्या दुरुस्तीचाही विचार धोरणात यायला हवा. तो येईपर्यंत, दुकानात फोर्क दाबून बघायच्या आधी वॉरंटी कार्ड उघडून बघा.